बेकार बाई

शेजारची फ्रेहा ताट घेऊन आली तेव्हा मी पायरीवर बसून केसांत अडकलेला कापूस काढत होते. पहाटेची पाळी करून उन्हातून चालत आले होते. अजून पायांतले बूटही काढले नव्हते. ताटावर पांढरं फडकं होतं आणि त्याखालून भोपळ्याचा, चण्यांचा, तुपात परतलेल्या कांद्याचा वास येत होता. माझ्या पोटात सकाळपासून एक पावाचा तुकडा गेला होता, तोही उभ्या उभ्या.

मला वाटलं ताट माझ्यासाठी आहे. मी दोन्ही हात पुढे केले.

"थांब," फ्रेहा म्हणाली, "तुझा नवरा कुठाय?"

"आत आहे."

ती मला ओलांडून आत गेली. मी बाहेरूनच ऐकत होते. ती आमच्या यजमानांना सांगत होती, "खा भावा, गरम आहे तोवर खा. मनाला लावून घेऊ नकोस. पुरुषाच्या हाताला काम नसलं की त्याचं काळीज करपतं. मला कळतं."

रिकाम्या हातांनी बाहेर आली, माझ्या शेजारी टेकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "त्याला जप हं मिल्का. बिचारा किती वाळलाय."

मीही वाळले होते. माझ्या परकराची नाडी कमरेला आता दोन वेढे घेत होती. पण ते तिला दिसलं नाही, आणि मी म्हटलंही नाही. आतून चमच्याचा आवाज येत होता. त्या आवाजाचा मला असा हेवा वाटला की हातातली कापसाची गुंडी मी आवळून आवळून खड्यासारखी घट्ट केली.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मूळचे अलिबागजवळच्या झिराडचे म्हणून झिराडकर, पण मी आणि माझे यजमान हसकेल दोघंही भायखळ्यात वाढलो. ते रेल्वेच्या वर्कशॉपात स्टोअर्स क्लार्क होते. टेबल होतं, टेबलावर घंटी होती, पेन्शन ठरलेली होती. तरी आपल्या देशात जायचं म्हणून सगळं विकून आम्ही इस्राएलला आलो, आणि आम्हाला वाळवंटातल्या या गावात आणून सोडलं. गाव कसलं, बैठ्या घरांच्या रांगा आणि चहूकडे उडणारी माती. दिना तेव्हा सहा वर्षांची असेल.

गावात काम देणाऱ्या सरकारी कचेरीला सगळे लिश्का म्हणत. पहिल्याच दिवशी तिथल्या बाईने यजमानांना विचारलं, "हातांनी काय येतं?"

"मी लिहितो," ते म्हणाले.

"कोणत्या भाषेत?"

"इंग्रजी. मराठी."

तिने त्यांना कुदळ दिली. काही महिने ते टेकडीवर रोपांसाठी खड्डे खणायला जात होते, मग तीही कामं आटली. त्या सुमाराला देशभरच कामं आटली होती. गावात एक सूतगिरणी होती आणि तिला बायका हव्या होत्या, कारण बायकांना कमी द्यावं लागे. म्हणून मी लागले.

मला काम लागलं त्या दिवशी घरात सुतक असल्यासारखं होतं. यजमान भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी गिरणीचा नवा निळा डगला घडी करून ट्रंकेवर ठेवला, तर म्हणाले, "तो तिथे नको, आत ठेव." मुंबईत माझ्या सासूबाई एका शेजाऱ्याबद्दल कुजबुजायच्या, "त्याची बायको कामाला जाते गं." बायको कामाला जाते म्हणजे नवऱ्याचं काहीतरी बिघडलंय. आम्ही तो समज ट्रंकेतून आमच्यासोबत आणला होता.

सुरुवातीला ते रोज सकाळी कोट घालून, टाय बांधून लिश्कात जायचे. परत आले की खिडकीच्या झडपा ओढून घ्यायचे, का तर भर दिवसा पुरुष घरात आहे हे कुणाला दिसू नये. अंधारात बसून ते काय करायचे कुणास ठाऊक. त्या दिवसांत माझा जीव खरंच त्यांच्यासाठी तुटायचा. तेव्हा हेवा नव्हता.

हेवा आला तो मखलूफने आमचं दार वाजवल्यावर.

मखलूफ म्हणजे फ्रेहाचा नवरा. मोरोक्कोतल्या डोंगरातल्या एका खेड्यात तो खेचरांची खोगिरं शिवायचा. इथे खेचरं नव्हती. तो दिवसभर आपल्या पायरीवर बसलेला असे, डोक्यावर लोकरीची टोपी, पुढ्यात पुदिन्याच्या चहाची किटली. एके दिवशी त्याने आमच्या दारावर थाप मारली.

"ए हिंदुस्थानी, आत का लपलायस? चोरी केलीस का?"

"काम नाही मला," यजमान आतून म्हणाले.

"मलाही नाही. म्हणून मी काय घुशीसारखा बिळात बसू? बाहेर ये."

मी तेव्हा घरातच होते, पाळीवरून नुकतीच आले होते. यजमान दारात गेले आणि कोटाची बटणं लावत उभे राहिले. मखलूफ त्यांना म्हणाला, "तिकडे माझ्या दुकानात कुणी खोगीर घेऊन आलं तर मी शिवायचो. नाही आलं तर बसायचो. चार चार दिवस बसायचो. मला कुणी बेकार म्हटलं नाही. हा शब्दच मी इथे येऊन ऐकला, या लिश्कात. आधी मला वाटलं आजाराचं नाव आहे."

यजमान हसले. किती दिवसांनी हसले असतील! मला इतकं बरं वाटलं की मी पटकन चहाला आधण ठेवलं.

पण मग ते बसायला लागले. आधी कोट गेला, मग टाय. मग बूट जाऊन सपाता आल्या. मखलूफच्या पायरीवर सोंगट्यांचा पट मांडलेला असे आणि त्याभोवती तीन-चार पुरुष. गिरणीतून येताना वळणावरच मला त्यांचं हसणं ऐकू येई आणि त्या हसण्यात आमच्या यजमानांचा आवाज सगळ्यांच्या वर असे. हिब्रू भाषा त्यांना धड आली ती त्या पायरीवरच. मला यंत्रांच्या आवाजात कोण बोलायला शिकवणार? गिरणीत मला 'लवकर', 'तुटला', 'पुढे हो' एवढेच शब्द मिळाले, बाकीची मोडकीतोडकी हिब्रू फ्रेहाशी बोलून आली.

"आज काय केलंत?" मी डोक्यावरचा रुमाल सोडत विचारायची.

"बसलो," ते म्हणायचे. एखादा माणूस 'जेवलो' म्हणेल तसं, तृप्त.

मी अशी नुसती बसून किती दिवस झाले होते? गिरणीत बसायला मनाई होती. घरी आल्यावर धुणं, भांडी, पाण्याच्या बादल्या, दिनाचं न्हाणं. खाली बसायचे ते भाजी चिरायला.

दिनाचा पहिला दात पडला तेव्हा मी पाळीवर होते. तिने तो बापाला दाखवला. मखलूफने तो सूर्याकडे फेकायला लावला, त्यांच्याकडे तशी रीत आहे म्हणे. सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. मला दोन दिवसांनी कळलं, तेही भात भरवताना तिच्या तोंडात खिंड दिसली म्हणून.

"अगं, मला का नाही सांगितलंस?"

"बाबांना सांगितलं होतं," दिना म्हणाली आणि पुन्हा बाहेर पळाली, पायरीकडे.

एकदा मला ताप होता. तापातच पाळी केली आणि घरी येऊन यजमानांना म्हटलं, "अहो, आजच्या दिवस भात तेवढा लावाल का? पाणी मी सांगते किती घालायचं."

ते उठलेसुद्धा. खरं सांगते, उठले होते. पण फ्रेहा दारात उभी होती. तिला मराठी शब्द कळले नाहीत, तरी त्यांच्या हातातलं पातेलं दिसलं. तिने ते काढून घेतलं.

"मिल्का, लाज नाही वाटत?" ती म्हणाली. "त्याच्याकडे आधीच काम नाही. त्यात त्याला चूल फुंकायला लावतेस? मग त्याच्याकडे उरलं काय?"

"मला ताप आहे फ्रेहा."

"मग मला हाक मारायची. मी केलं असतं." आणि तिने खरंच केलं. भात तिला जमला नाही, गिच्च गोळा झाला, पण केला. यजमान पुन्हा पायरीवर गेले. मी गोधडी ओढून पडून राहिले आणि झडपेच्या फटीतून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. ऊन खाऊन खाऊन त्या पाठीला चांगली तकाकी आली होती. मला वाटलं, देवा, मला फक्त एक महिना असं बेकार कर. लोकांनी माझ्याकडेही असं हळहळून बघू दे. मलाही ओलांडून कुणी जाऊ नये.

असं मागणं मागू नये. पण मी मागितलं.

उन्हाळ्याच्या शेवटी यजमानांना काम लागलं. बसच्या डेपोत सुट्या भागांचं कोठार होतं, तिथे. पुन्हा स्टोअर्स. ते धावत घरी आले आणि गल्लीत जे काही झालं ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं. फ्रेहाने तोंडाने तो त्यांचा उलुलु आवाज काढला, मखलूफने डबा बडवला, बायकांनी बदामाच्या वड्या आणल्या. आपली मराठी मंडळी दुसऱ्या रांगेतून आली, रेमंडकाका पेझारकर तर रडलेच. "झिराडकर, माणसांत आलास रे बाबा," म्हणाले.

मीही वड्या वाटल्या. आनंद नव्हता असं कसं म्हणू? होता. पण वड्या वाटता वाटता माझ्या मनात सारखं येत होतं की मी दीड वर्ष या घराची चूल पेटती ठेवली, तेव्हा मी कशात होते? माणसांत नव्हते का?

दुसऱ्या आठवड्यात गिरणीत मुकादमाने मला बाजूला बोलावलं. यान्कू नाव त्याचं, रुमानियाचा. वाईट माणूस नव्हता.

"तुझ्या नवऱ्याला काम लागलं म्हणे? अभिनंदन."

"हो," मी म्हटलं.

"छान, छान. मग ऐक. वरून हुकूम आलाय, माणसं कमी करायची. ज्या बायकांच्या घरी पुरुष कमावतोय त्यांना आधी सोडायचं ठरलंय. हेच न्यायाचं आहे, नाही का? तुझ्या घरी आता काळजी नाही."

मला 'न्याय' हा हिब्रू शब्द येत होता, प्रार्थनेत येतो. मी नुसती मान हलवली. डगला परत द्यायचा होता. तो मी तिथल्या खुंटीला अडकवला. बाहेर पडताना वळून पाहिलं तर माझ्या यंत्रावर शेजारच्या यंत्रावरचीच एक पोर उभी केलेली होती. तिला घाई होत होती, तिच्याकडून धागे धडाधड तुटत होते. मला तिचाही हेवा वाटला.

वाटभर मी ठरवत होते, फ्रेहाला कसं सांगायचं. सांगताना रडू येईल, ती जवळ घेईल, आपण रडून घेऊ. तिच्या दारात गेले आणि म्हटलं, "फ्रेहा, मला काढलं."

तिने दोन्ही हात वर केले. "देवाचे उपकार! सुटलीस गं! आता घराला घरपण येईल." आणि माझे गाल दोन्हीकडून चुंबले. मग म्हणाली, "मी पीठ मळतेय, हात लावतेस का जरा? आता तुला वेळच वेळ आहे."

मी पीठ मळलं.

संध्याकाळी यजमान आले. "अरे वा," म्हणाले, "बरंच झालं. तुझे पाय किती सुजायचे." आणि डेपोतल्या गंमती सांगायला लागले. शनिवारी प्रार्थनेला आपल्या बायका भेटल्या, त्यांचंही तेच. "सुटलीस गं बाई." एकीनेही विचारलं नाही की मिल्का, तुला कसं वाटतंय? जणू माझं काही गेलंच नव्हतं. जणू मी इतके दिवस कुठेतरी बाहेरगावी होते आणि आता परत आले.

काय गेलं होतं ते मलाही धड सांगता आलं नसतं. पगार गेला, तो होताच किती. पण सकाळी त्या दारातून शिरताना कुणीतरी माझं नाव पुकारत असे. झिराडकर. यजमानांचं नव्हे, माझं.

दुसऱ्या सकाळी, रविवार इथे कामाचाच दिवस, यजमान डेपोत गेले, दिना शाळेत. मी भांडी तशीच टाकली आणि मखलूफच्या पायरीवर जाऊन बसले. पटावर सोंगट्या मांडलेल्या होत्या. हातात काहीही घेतलं नव्हतं, ना भाजी, ना शिवण. हात मांडीवर ठेवले होते आणि ते मला परक्याचे वाटत होते.

मखलूफ गडबडला. "यजमान घरी नाहीत?" त्याला हा मराठी शब्द आमच्याकडून आला होता, तो हसकेलना याच नावाने हाक मारी.

"डेपोत गेलेत."

"मग कुणाची वाट बघतेयस?"

"कुणाची नाही. मला काम नाही. बसलेय."

तो माझ्याकडे बघत राहिला. खेळायला आलेले दोघे लांबच थबकले आणि निघून गेले. फ्रेहा कमरेला हात पुसत बाहेर आली. "काय गं, बरं नाही का? चक्कर आली?"

"मी बरी आहे. तुझा नवरा बसतो तशी बसलेय."

"चल, वेडी कुठली! माझी भाजी निवडून दे, ऊठ. बाईमाणसाने असं रिकामं बसू नये, लोक बघतात."

"माझे यजमान बसले तेव्हा तू त्यांना जेवण आणून दिलंस."

"ते बेकार होते!" फ्रेहा म्हणाली.

"मग मी कोण आहे?"

तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, रागाच्या नव्हत्या, खरोखरच्या कोड्याच्या. मखलूफने किटली उचलली, पुन्हा खाली ठेवली. मला चहा द्यावा की नाही हे त्याला ठरवता येईना. मी उठले आणि तशीच, घरातल्या साडीत, लिश्काकडे चालू लागले.

वाटेत मी तो शब्द घोटत होते. 'बेकार'चा हिब्रू शब्द पुरुषाला लावलेलाच मी ऐकला होता. बाईला लावायचा तर शेवट बदलतो, एवढं मला ठाऊक होतं. तो मी माझा मी बदलून घेतला. बरोबर होता की चूक, देव जाणे.

रांगेत सगळे पुरुष होते. एकाने सरकून मला पुढे जायला सांगितलं, मी म्हटलं, "नको, मी रांगेतच उभी राहते." टेबलामागे तीच बाई होती, यजमानांना कुदळ देणारी. इलोना तिचं नाव, हंगेरीची.

"झिराडकर?" तिने चष्म्यावरून पाहिलं. "नवऱ्याचं काय झालं? डेपोत जमलं नाही?"

"जमलं. मी माझ्यासाठी आलेय."

"बोला."

मी तो शब्द म्हटला. "मी बेकार आहे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. इलोना हसली नाही. कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमच्या घरात कमावता माणूस आहे. तुमचं घर बेकार नाही."

"घर नाही. मी."

"तुम्ही गृहिणी आहात."

मला राग आला असता तर माझे हिब्रू शब्द अडखळले असते. पण मला राग आला नव्हता. तापात झडपेच्या फटीतून बघत पडले होते ना, तेव्हापासून साठलेलं ते सगळं अगदी सावकाश, एकेक शब्द करून बाहेर आलं.

"गृहिणी मी गिरणीत होते तेव्हाही होतेच," मी म्हटलं. "पाळीवरून येऊन रांधत होते, धूत होते. ती जागा माझी गेलेली नाही. ती कुणी काढूनही घेत नाही. गेली ती दुसरी."

इलोनाने पेन खाली ठेवलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिचे डोळे चष्म्याशिवाय लहान आणि लाल दिसत होते. ती माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होती.

"मीसुद्धा इथून घरी गेल्यावर—" ती म्हणाली आणि थांबली. मागची रांग ऐकत होती. तिने चष्मा पुन्हा चढवला. "काम कोणतं येतं?"

"सूत. रिंगच्या यंत्रावर कातायचं."

"मी काम देईन असं म्हणत नाही. पुरुषांनाच नाहीये."

"माहितीये."

"रोज सकाळी येऊन नाव सांगावं लागेल. त्यांच्यासारखं."

"येईन."

तिने लिहिलं. मग मान वर करून माझ्या मागच्या माणसाकडे बघत म्हणाली, "पुढचा." एवढंच. पण 'पुढचा' म्हटल्यावर मला कळलं की मीही कुणाच्या तरी पुढची होते.

गावात बातमी माझ्याआधी पोचली. डेपोतही पोचली. यजमान संध्याकाळी आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. दिनाला त्यांनी आधीच बाहेर पिटाळलं होतं.

"तू लिश्कात गेली होतीस?"

"हो."

"पुरुषांच्या रांगेत उभी राहिलीस?"

"बायकांची रांग नाही तिथे."

"अगं, मला आत्ता कुठे काम लागलंय! लोक काय म्हणतील? झिराडकरला बायको पोसता येत नाही? आणि काय सांगितलंस तिथे, मी बेकार आहे? बेकार बाई? आपल्या भाषेत बेकार बाई म्हणजे काय अर्थ होतो, कळतं का तुला?"

"कळतं," मी म्हटलं. "बेकार पुरुष म्हणजे ज्याचं काम गेलंय तो. बेकार बाई म्हणजे वाईट चालीची. आपल्याकडे बाईचं काम जातच नाही, म्हणून त्यासाठी शब्द नाही."

ते खाटेवर बसले. मी उभीच होते.

"तुम्हाला एक सांगू? दीड वर्ष मी तुमचा हेवा केला."

"माझा?" त्यांना खरंच कळेना. "मी बेकार होतो तेव्हा? मिल्का, मला मरावंसं वाटायचं तेव्हा."

"माहितीये मला. तुम्हाला मरावंसं वाटत होतं आणि सगळ्या गल्लीला ते दिसत होतं. फ्रेहाला दिसत होतं, मखलूफला दिसलं. मलाही दिसत होतं. तुमचं काम गेलं तेव्हा घरात कुणी दगावल्यासारखं झालं होतं. माझं गेलं तर लोक वास्तुशांतीला आल्यासारखे आले. मी रडायची तयारी करून फ्रेहाकडे गेले आणि पीठ मळून आले. तुम्हीसुद्धा म्हणालात, बरंच झालं."

"तुझे पाय सुजायचे म्हणून म्हटलं गं."

"सुजायचे. तुमची पाठही त्या कुदळीने मोडली होती. ते काम सुटलं तेव्हा मी 'बरंच झालं' म्हटलं होतं का?"

बाहेर दिना फ्रेहाच्या मुलांशी खेळत होती, तिचा आवाज येत होता. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, तिच्या काठावरून बोट फिरवत राहिले. मला वाटलं आता उठतील आणि बाहेर जातील, पायरीवर.

पुढे वसंतात गिरणीने मला परत बोलावलं. इलोनानेच माझं नाव धाडलं होतं. मी तिथे यान्कू निवृत्त झाला त्याच्याही पुढे किती वर्षं राहिले, आणि माझ्यानंतर आपल्या आणखी दोघी-तिघी बायका लिश्कात नाव द्यायला जाऊ लागल्या. फ्रेहा काही महिने माझ्याशी थोडी जपूनच वागली, मग तिची मोठी मुलगी गिरणीत लागली आणि ती स्वतःच माझ्याकडे विचारपूस करायला आली. हे सगळं झालं. पण कुणी मला विचारलं की या देशात तुझं सगळ्यांत मोठं काय झालं, तर मी ती संध्याकाळ सांगते.

यजमान उठले नाहीत. त्यांनी खाटेवर हाताने जागा दाखवली. मी बसले. आम्ही दोघं शेजारी बसून समोरच्या भिंतीकडे बघत होतो. मग माझ्याकडे न बघताच, लाजल्यासारखे ते म्हणाले,

"तिथे तू दिवसभर नक्की काय करायचीस गं?"

दीड वर्षात त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आधी हातच पुढे झाले. धागा तुटला की यंत्र थांबवायचं नसतं, ते फिरतच असतं. सूत गुंडाळणारी चात चालू असताना सुटलेलं टोक नखावर पकडायचं, वरून येणाऱ्या कापसाच्या पेळूला लावायचं आणि दोन बोटांत असा एक पीळ द्यायचा. मी हवेत त्यांना तो पीळ करून दाखवला.

"कसा? पुन्हा दाखव," ते म्हणाले आणि त्यांनी आपली बोटं माझ्या बोटांशेजारी धरली.